वर्षभर एकच कॅरेक्टर घासायचं तर कोणतं? काझुया, झँगिफ की अजून कोणी?

मेडिकलचौक_एडी

भाऊ लोक, प्रश्न थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

शाळेत असताना नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या एका गल्लीत गेम पार्लर होतं. टिनाचं छत, चार टीव्ही, एक कूलर आणि तोही पार्लरवाल्या काकांकडं तोंड करून. तिथं मी टेकन ३ या मारामारीच्या गेममध्ये एडी नावाचं कॅरेक्टर घ्यायचो आणि फुली आणि गोल ही दोन लाथांची बटणं बडवत सुटायचो, बस, दुसरं काही येत नव्हतं. पोट्टे शिव्या द्यायचे, एडी घेणाऱ्यानं उठायचं असा नियमही काढून पाहिला, पण हरायचेच.

आता वय ३२, मिहानमध्ये नोकरी, दिवाळीत सेकंडहँड पीएस५ घेतला आणि टेकन ८ टाकला. एडी त्यात आहे, डीएलसी म्हणून आला, पैसे भरून घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की बडवून भागायचे दिवस गेले. लोक आरामात खाली बसून ब्लॉक करतात आणि मग हवेत उडवून अर्धी लाईफ घेऊन जातात.

म्हटलं ठीक आहे, आता एक तरी कॅरेक्टर नीट शिकू, आणि शिकायचंच तर असं शिकू की आलं तर हात सार्थकी लागला पाहिजे. म्हणून टेकनमधलाच काझुया धरला. तीन आठवडे झाले. इलेक्ट्रिक, म्हणजे त्याची ती प्रसिद्ध बुक्की, दहातून एकदा लागते, तीही मी डाव्या बाजूला उभा असलो तर. उजव्या बाजूला शून्य. ऑनलाइन सलग २३ मॅच हरलो. अंगठ्याची साल निघाली, ऑफिसात मॅनेजर विचारते भाजलं का.

माझा टीव्ही जुना आहे, तो स्लो असल्यामुळं इलेक्ट्रिक लागत नाही असं मला वाटते, खरं का? आणि दुसरं म्हणजे काझुयाच धरून बसू की स्ट्रीट फायटर ६ मध्ये झँगिफ, धालसिम वगैरेकडं जाऊ? मेहनत करायची तयारी आहे, रोज एक तास पक्का, पण त्या मेहनतीचं चीज कुठं होते ते सांगा. अर्धं वर्ष घासून मग कळलं की हे कॅरेक्टरच कामाचं नाही, असं नको.

---

तर्री_जास्त

आधी टीव्हीचं. नाही भाऊ, टीव्हीचा दोष नाही. गेम मोड चालू करून ठेव, ते चांगलंच आहे, समोरच्याचं काही पाहून रिअॅक्ट करायचं असते तिथं फरक पडते. पण इलेक्ट्रिक म्हणजे तुझ्याच दोन बोटांचा आपसातला हिशोब आहे. टीव्ही उशिरा दाखवते तर दोन्ही बटणं सारखीच उशिरा दाखवेल ना. डोळे मिटूनसुद्धा इलेक्ट्रिक लागली पाहिजे, आणि लागते.

आता इनपुट नीट बघ, कारण अर्धे लोक हे चुकीचं शिकून बसतात. पुढे, मग अंगठा मोकळा सोडायचा, मग खाली, मग खाली-पुढे तिरकं, आणि ज्या फ्रेमला ते तिरकं लागलं त्याच फ्रेमला त्रिकोण, म्हणजे पंचचं बटण. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी चालते, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. एक फ्रेम उशीर झाला की साधी विंड गॉड फिस्ट निघते, दिसायला तीच बुक्की, पण समोरच्यानं ब्लॉक केली तर तू १० फ्रेम मागे, तो जॅब, म्हणजे झटपट साधी बुक्की, मारून मोकळा. बरोबर लागली तर निळी ठिणगी उडते, काझुया ओरडते, आणि ब्लॉक झाली तरी तू ५ फ्रेम पुढे. हात तोच, हालचाल तीच, आणि फरक १५ फ्रेमचा. काझुयाची सगळी कमाई या एका फ्रेमवर आहे, म्हणून लोक वीस वीस वर्षं त्याच्या मागं लागून आहेत.

प्रॅक्टिस मोडमध्ये कमांड हिस्ट्री, म्हणजे दाबलेल्या बटणांची यादी, चालू ठेव. तिरका बाण आणि पंच एकाच ओळीत दिसले पाहिजेत. तिरका बाण एकटा वरच्या ओळीत आला आणि पंच पुढच्या ओळीत, तर तू उशीर करून राहिला. आणि पुढे-खाली यांच्यामध्ये मोकळी जागा दिसलीच पाहिजे, घाईत तीच पहिली खाल्ली जाते. मी स्वतः वर्षभर समजत होतो की माझा पंच उशिरा पडते, आणि हिस्ट्री लावून पाहिली तर अंगठाच उचलत नव्हतो.

उजव्या बाजूचं दुखणं सगळ्यांचं आहे. डाव्या बाजूला असला की अंगठा आत ढकलायचा असते, उजवीकडून बाहेर ओढायचा, आणि बाहेर ओढायला अंगठा आळशी असते. रोजच्या तासातली पहिली वीस मिनिटं फक्त उजवी बाजू कर, ताजा हात असताना. दमल्यावर उजवी बाजू केली तर चुकीचीच सवय पक्की होते.

मला पहिल्यांदा सलग दहा लागल्या तेव्हा मे महिना होता, दुपारचे दोन, कूलरमध्ये पाणी संपलेलं, आणि मी उठून ओरडलो, "आई, इलेक्ट्रिक आली!" आतून आवाज, "गेली कधी होती रे?"

पण एक ऐकून ठेव. इलेक्ट्रिक वरून जाणारी बुक्की आहे. समोरचा खाली बसला तर डोक्यावरून जाते आणि मग तो तुला उचलून मारते. बाजूला सरकणारे लोकही भेटतील, त्यांनाही ती लागत नाही. तू २३ मॅच इलेक्ट्रिक न लागल्यानं हरला असं वाटत असेल, तर मी सांगतो, त्यातल्या वीस तरी दुसऱ्याच कारणानं गेल्या असतील. रिप्ले बघ.

---

वर्धारोड_भाऊ

काहून जीव काढून रायला बाप्पा. ऑफिसातून थकून यायचं आन् मंग अंगठा सोलायचा. सोपं कॅरेक्टर घे ना, पॉल घे, एक डेथफिस्ट मारली का समोरचा घरी. कठीण कॅरेक्टर घेऊन हरणाऱ्याले लोक मोठा खेळाडू म्हणत नाई, हरला असंच म्हणतात.

लाहोरचा अर्सलान अॅश पाय. २०१९ मधी इवो जपान, म्हणजे फायटिंग गेमची मोठी स्पर्धा, जिंकला, मंग त्याच वर्षी लास वेगासची इवो पण जिंकला, आन् तेव्हा त्याचं नाव झालं ते काझुमीवर. साधं सरळ कॅरेक्टर. हालचाल पक्की, ब्लॉक पक्का, समोरच्याची चूक झाली का मार. त्याले कोनती फ्रेम पकडाची गरज पडली?

आन् स्ट्रीट फायटर ६ मधी जाशील तं मॉडर्न कंट्रोल आहेच. एक बटण दाबलं का स्पेशल निघते. नुकसान थोडं कमी, शंभराच्या जागी ऐंशी, पण निघते तं खरं.

---

तर्री_जास्त

@वर्धारोड_भाऊ अर्धंच सांगितलं. तोच अर्सलान २०२४ मध्ये टेकन ८ ची इवो जिंकला तेव्हा हातात निना होती. निनाला सोपं म्हणणारा माणूस मला दाखव, मी त्याला तर्री पोहे खाऊ घालतो, वर्षभर. आणि काझुमी साधी असेल, पण त्याची हालचाल साधी नव्हती. ती मागं सरकायची कोरियन पद्धत, मागं मागं, मग तिरकं बसून तो डॅश मध्येच तोडायचा, पुन्हा मागं, हे इतकं स्वच्छ करायला अंगठा इलेक्ट्रिकपेक्षा जास्त झिजते. ते कोणत्याही कॅरेक्टरमध्ये दिसत नाही म्हणून सोपं वाटते.

---

सीताबर्डी_१रुपया

मुलांनो, तुम्ही पीएस५ वाले, मी एक रुपयाच्या कॉइनवाला. वय ४६. सीताबर्डीला व्हरायटी चौकापासून आत गेलं की एक पार्लर होतं, तिथं स्ट्रीट फायटर २ आणि नंतर किंग ऑफ फायटर्स ९७. शाळेची बस चुकली असं घरी सांगून दोन रुपये वाचवायचे आणि ते दोन रुपये चार मिनिटांत घालवायचे.

तुमची सगळी चर्चा बोटांवर चालू आहे म्हणून लिहितो. माझं कॅरेक्टर झँगिफ, १९९१ च्या गेमपासून आजतागायत. लोकांना वाटते झँगिफ कठीण म्हणजे तो ३६० कठीण. स्टिक गोल फिरवायची आणि पंच. गोल फिरवताना मधे वरची दिशा येते आणि माणूस उडी मारते, ही अडचण सुरुवातीला सगळ्यांना येते. पण ती महिन्याभराची गोष्ट आहे. पूर्ण गोल लागतही नाही, पाऊण गोल पुरतो, आणि तो दुसऱ्या कुठल्या हालचालीत लपवायचा, म्हणजे जॅब मारला, जॅबचा हात परत येईपर्यंत गोल फिरवून घेतला, तेव्हा उडी मारूच शकत नाही कारण जॅब चालू आहे. हे मला कोणी शिकवलं नाही, एका सरदार मुलाच्या मनगटाकडं तासभर पाहून शिकलो. तो एका हातानं समोसा खात होता, ते वेगळं.

खरं कठीण ते पोचणं. समोर गाइल बसलाय, लांबून सोनिक बूमचा मारा सोडतोय, तुम्ही चालताय, ब्लॉक करताय, दोन पावलं, पुन्हा ब्लॉक, पुन्हा एक पाऊल. चाळीस सेकंद मार खायचा आणि मग एकदा हाताच्या अंतरावर पोचलात की त्याला कळते आता काय होणार. तो घाबरून उडी मारते, किंवा घाबरून काहीच करत नाही. दोन्हीत त्याचं मरण आहे. एका पाइलड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्या ३६० च्या आपटीत, लाईफचा मोठा तुकडा जाते आणि उठल्यावर पुन्हा तोच प्रश्न त्याच्यासमोर. ते चाळीस सेकंद वसूल होतात हो.

त्या पार्लरची एक स्टिक माझ्या हातून तुटली. फिरवता फिरवता खालून निखळून हातातच आली. मालकानं पन्नास रुपये मागितले, तेव्हाचे पन्नास. मी सायकलची घंटी आणि पंप गहाण ठेवून आलो होतो. घरी सांगितलं चोरीला गेले.

धालसिम भारतीय, आपला माणूस म्हणून सगळे एकदा घ्यायचे, हात लांब करून हसायचे आणि हरायचे. तो झँगिफपेक्षा कठीण आहे, बोटांसाठी नाही, डोक्यासाठी. हात एवढा लांब की तो परत यायच्या आत समोरचा उडी मारून अंगावर येते. कोणता हात किती अंतरावर, कोणाविरुद्ध, हे पाठांतराचं काम आहे, आणि प्रत्येक कॅरेक्टरविरुद्ध वेगळं. मला ते कधी जमलं नाही. जमलेला माणूस मात्र मी एकच पाहिला आणि त्याच्याशी खेळताना दहा मिनिटं मी त्याच्या अंगाला हातही लावू शकलो नाही.

---

वर्धारोड_भाऊ

काका, सायकलच्या पंपावर झँगिफ 😂 हे लय भारी.

---

मानेवाडा_सावली

कोणीच गिल्टी गियर या गेमचं नाव काढलं नाही म्हणून मी काढते.

माझं कॅरेक्टर त्याच्या स्ट्राइव्ह या भागातला तो आंधळा सावलीवाला. नाव इथं देवनागरीत लिहायची माझी हिंमत नाही, एकदा व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं होतं आणि भावाच्या मित्रांनी आठवडाभर छळलं. त्याच्या सावलीचं नाव एडी आहे, ते लिहिते. टेकनचा एडी नाही हं, मेडिकल चौक दादा, तुमची दोन बटणं इथं चालायची नाहीत.

कसं असते ते सांगते. सावली बोलवली की स्क्रीनवर तुम्ही दोघं. बटण दाबलं की तुमचा माणूस मारते. दाबून धरलेलं बटण सोडलं की सावली मारते. परत वाचा. दाबलं की एक, सोडलं की दुसरा. म्हणजे तुम्ही आयुष्यभर बटण दाबायला शिकलात, आणि इथं सोडणं हीसुद्धा एक चाल आहे, आणि चुकून सोडलं तर चुकून चाल जाते. सुरुवातीचा महिना माझी सावली भलत्याच वेळी भलतीकडं मारत होती, मी एकीकडं, ती दुसरीकडं, जसं लग्नात कोणी तरी चुकीच्या हॉलमध्ये जाऊन जेवून येते.

मग एक दिवस स्वयंपाकघरात उभी होते. एका हातानं पोळी लाटणं चालू आणि दुसऱ्या हातानं तव्यावरची उलटणं, आणि आई मागून काहीतरी विचारत होती त्याला उत्तरही देत होते. म्हटलं अरे, हे तर मी रोज करते. पोळी लाटताना कोणी "आता लाटणं पुढे, आता उलटणं खाली" असा विचार करते का? तव्याकडं कान असतो, बस. तसंच सावलीचं झालं. नजर समोरच्याकडं, सावलीकडं फक्त कान. हे व्हायला मला सात महिने लागले.

आणि मिळते काय, तर समोरचा कोपऱ्यात. सावली मारते, तो ब्लॉक करते, त्याचा ब्लॉक संपायच्या आत तुम्ही मारता, तुमचा हात परत येईपर्यंत सावली पुन्हा मारते. त्याला श्वास घ्यायला फट नाही. वर, खाली, पकड, सगळं एकाच वेळी ओळखायचं. समोरच्यानं मॅच सोडून गेलेलं मी किती वेळा पाहिलं. 😌

पण, आणि हा पण मोठा आहे, तुम्हाला एक लागली की सावली गायब. परत बोलवायची, परत मांडणी. आणि सावलीशिवाय तो माणूस खरं सांगायचं तर अगदीच बिचारा. म्हणून दादा, तुमचा जो शेवटचा प्रश्न आहे ना, मेहनतीचं चीज, तो जरा वेगळा विचारा. पूर्ण आल्यावर काय मिळते ते सगळेच सांगतात, व्हिडिओतही तेच दिसते. अर्धंच आलं तर काय मिळते, ते विचारा. कारण पुढचे सहा महिने तुम्ही त्या अर्ध्यावरच जगणार आहात. माझ्या कॅरेक्टरमध्ये अर्धं येणं म्हणजे शून्य. मी सहा महिने सगळ्यांशी हरले, अगदी लहान चुलतभावाशीसुद्धा, तो दहावीत आहे आणि सोल नावाचं कॅरेक्टर घेऊन एकच कॉम्बो मारते. मला ते सहन झालं कारण मी हट्टी आहे. तुम्ही २३ मॅचमध्ये इथं विचारायला आलात, तर मी म्हणेन सावली नको.

---

तर्री_जास्त

सावलीताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी हेच सांगायला पाहिजे होतं आणि फ्रेम मोजत बसलो.

या हिशोबानं बघ. काकांचा झँगिफ अर्धा आला तरी खेळता येते, गोल कच्चा असला तरी समोरचा घाबरतेच, भीती आधीपासून कामाला लागते. धालसिम अर्धा आला तर हात लांब करून मार खायचा. काझुया मधे आहे. इलेक्ट्रिक न लावताही त्याच्याकडं पुढं सरकत जायची ती वेव्हडॅश आहे आणि त्यातून दोन रस्ते, एक खालून पाय घालणारी हेलस्वीप, एक मधली. खाली बसायचं का उभं राहायचं, समोरच्यानं ओळखावं. पण हेलस्वीप ओळखली गेली तर तू गेला, ब्लॉक होताच तो तुला उडवते. म्हणजे अर्धा काझुया म्हणजे जुगार. जुगारावर काही दिवस निघतात.

आणि अजून एक नाव सुचवतो, ब्रायन. ब्रायनची एक गोष्ट जगातल्या कठीण गोष्टींपैकी आहे, टॉन्ट जेट अप्पर. तो पाय पुढं करून खिजवते, तो पाय समोरच्याला लागला की ते खिजवणं मधेच तोडून लगेच पुढे-मागे आणि पंच, आणि ते इतकं नेमकं बसवायचं की समोरचा ब्लॉकच करू शकत नाही. कोरियाचा 'नी' नावाचा खेळाडू त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. पण गंमत अशी की ते न येताही ब्रायन पूर्ण कॅरेक्टर आहे. लाथा चांगल्या, लांबून मार चांगला, समोरच्याची चाल रिकामी गेली की शिक्षा चांगली. कठीण गोष्ट ही वरची साय आहे, खालचं दूध आज पण पिता येते. काझुयात तसं नाही, तिथं दुधालाच साय म्हणतात.

---

वर्धारोड_भाऊ

मंग मी काय चुकीचं बोललो होतो? सोप्यापासून सुरू कर असंच तं म्हटलं.

आन् ते २००४ वाला व्हिडिओ सगळे दाखवतात ना, जपानी खेळाडू दाइगोचा, चुन-लीच्या सुपरच्या पंधरा लाथा एकेक करून ऐन वेळी परतवल्या, पॅरी केल्या आन् उलट मारून जिंकला. तिथं त्याच्या हातात कोण होतं? केन. सगळ्यात साधा केन. लाईफ एवढी उरली होती का नुसता ब्लॉक केला असता तरी मेला असता. कठीण कॅरेक्टर नव्हतं भाऊ, कठीण वेळ होती.

---

सीताबर्डी_१रुपया

हे मात्र खरं बोललास. आणि ती स्पर्धा तो शेवटी जिंकला नव्हता, हे कोणी सांगत नाही.

तरी एक सांगतो. सोप्या कॅरेक्टरनं जिंकल्याचा आनंद मी पण घेतला आहे, किंग ऑफ फायटर्स ९७ मध्ये तीन जणांची टीम असते, त्यात पहिला इओरी ठेवला की बाकी दोघांची गरजच पडायची नाही. त्या मॅच आठवत नाहीत. झँगिफनं हरलेल्याही आठवतात.

---

मेडिकलचौक_एडी

सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. सहा दिवस झाले, अपडेट देतो.

एक, रिप्ले पाहिले. तर्रीभाऊ बरोबर निघाले आणि मला राग आला. तेवीसमधल्या आठ मॅच मी एकाच गोष्टीनं हरलो, समोरच्याची चाल ब्लॉक केल्यावर मी काहीच करत नाही. नुसता उभा राहतो, कारण डोक्यात इलेक्ट्रिक. तिथं साधा जॅब मारला असता तरी चाललं असतं. आता अर्धा तास फक्त तेच करतो, गेममध्ये पनिशमेंटची प्रॅक्टिस वेगळी दिली आहे, मला माहीतच नव्हतं, मेनूमध्ये कधी त्या बाजूला गेलोच नाही.

दोन, कमांड हिस्ट्री लावली. माझा पंच उशिरा नव्हता, लवकर होता. खाली असतानाच त्रिकोण पडत होता आणि भलतीच बुक्की निघत होती. म्हणजे तीन आठवडे मी स्वतःला "लवकर, लवकर" म्हणत होतो ते उलटं होतं.

तीन, उजव्या बाजूची वीस मिनिटं आधी. पहिले तीन दिवस रडलो. चौथ्या दिवशी एक लागली. आता डावीकडं दहात चार, उजवीकडं दहात एक.

आणि परवा रात्रीची गोष्ट. समोर पॉल होता (वर्धारोड भाऊ, तुम्हीच होते का?). तिसरा राउंड, दोघांची लाईफ थोडी थोडी. तो डेथफिस्ट मारणार हे मला कळलं, कसं कळलं माहीत नाही, आधीच्या दोन्ही राउंडला तिथंच मारली होती. मी मागं सरकलो. त्याची मूठ माझ्या नाकासमोर येऊन थांबली, खरंच एवढीशी जागा, आणि माझा अंगठा आपोआप पुढे-सोड-खाली-तिरकं गेला. निळी ठिणगी. पॉल हवेत. आणि मग मला काही सुचेचना, पुढचा कॉम्बो विसरलो, हवेतला माणूस खाली येईपर्यंत मी बघत बसलो, तो उठला आणि साध्या लाथेनं मला मारून टाकलं.

मॅच हरलो. बायकोला उठवून रिप्ले दाखवला. ती म्हणे, "पण तुम्ही तर हरले ना?" म्हटलं हो पण ते बघ ना, त्याची मूठ बघ, इथं थांबव. ती झोपली.

काझुया ठेवतो. सावलीताईंचं अर्ध्याचं गणित पटलं, म्हणून आठवड्यातून दोन दिवस ब्रायन, टॉन्टच्या भानगडीत न पडता. काका, झँगिफ माझ्या नशिबात नाही, माझ्याच्यानं चाळीस सेकंद मार खाणं होणार नाही.

---

मानेवाडा_सावली

"तुम्ही तर हरले ना" 😂😂 वहिनींना इथं आणा.

आणि दादा, इलेक्ट्रिकनंतरचा कॉम्बो सगळ्यात सोपा असा एकच पाठ करा. तीन फटक्यांचा चालेल. व्हिडिओतला मोठा नको. मॅचमध्ये हात थरथरतो तेव्हा छोटाच निघते.

---

वर्धारोड_भाऊ

तो पॉल मी नव्हतो. मी असतो तं दुसऱ्यांदाच मारली असती, तिसऱ्यांदा नाई.

---

सीताबर्डी_१रुपया

रविवारी माझ्याकडं या सगळे, धरमपेठेत घर आहे, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो. मुलाचा पीएस५ आहे, तो पुण्याला गेला, मशीन तसंच पडून आहे. टेकन आणि स्ट्रीट फायटर दोन्ही आहेत, सावलीताई तुमचा गेम घेऊन या. समोरासमोर बसून खेळू, ऑनलाइनवर समोरच्याचं मनगट दिसत नाही.

सकाळी दहाला. पोहे तर्रीभाऊंकडून, निनाला सोपं म्हणणारा मी आहे. कंट्रोलर आपापले आणा, माझ्या हातून काय होते ते वर लिहिलंच आहे.